ऊस बुडाल्याचं कंपनीला कळलं, सरकारला नाही : निपाणी तालुक्यातलं एक प्रकरण

निपाणी तालुक्यात वेदगंगेच्या काठाला साठी ओलांडलेल्या एका शेतकऱ्याची जमीन आहे. त्यांना इथे काका म्हणू. कर्नाटकाच्या हद्दीत नदीकडेची पट्टी १ एकर १० गुंठे आणि वर माळाला १ एकर. बांध ओलांडला की कागल तालुका लागतो, म्हणजे महाराष्ट्र. तिथे ३५ गुंठे. भावाभावांच्या वाटणीत नदीकडची पट्टी चिंचोळी झाली. रुंदीला जेमतेम ३० मीटर, लांबीला १७० च्या आसपास. तिन्ही तुकड्यांत ऊस, पट्टीत खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटलेला ऊस.

ऑगस्टात नदी पात्राबाहेर आली. या भागाला ते नवं नाही. २०१९ आणि २०२१ ला यमगर्णीच्या पुलावर पाणी येऊन महामार्गच बंद पडला होता. या वेळी पूर त्या मानाने लहान, पण पट्टी आणि बांधापलीकडचे ३५ गुंठे नऊ दिवस पाण्याखाली राहिले. उसाच्या शेंड्यातल्या पोंग्यात गाळ बसला, खोडवा हातचा गेला.

पुढच्या काही महिन्यांत तीन गोष्टी घडल्या. बांधापलीकडच्या ३५ गुंठ्यांची भरपाई महाराष्ट्राकडून आली. अलीकडच्या पट्टीची कर्नाटकाकडून आली नाही, कारण सरकारी पीक नोंदीत तिथे ऊस नव्हताच, सोयाबीन होतं. आणि जुना ट्रॅक्टर घ्यायला काकांनी एका फायनान्स कंपनीकडे ३ लाखांचं कर्ज मागितलं, तेव्हा एजंटाने आधी १४ टक्के सांगितलेला दर १८ वर नेला. कारण विचारल्यावर तो फोनवर सहज बोलून गेला, "काका, तुमच्या शिवाराचा स्कोअर खाली आलाय. ऑगस्टात पाणी लागलं होतं न्हवं पट्टीला?"

ज्या पट्टीतला ऊस सरकारच्या लेखी नव्हता, तो बुडाल्याचं कर्ज देणाऱ्याला माहीत होतं.

हे प्रकरण अभ्यासासाठी बांधलेलं आहे. काका, कारखाना, ॲप कंपनी ही कुणा एकाची ओळख नव्हे. कायदे, पोर्टलं आणि मुदती मात्र आहेत तशाच घेतल्या आहेत.

ओटीपी कशाचा होता

पूर्वी ऊस नोंदीला चिटबॉय, म्हणजे शिवारात फिरून ऊस नोंदवणारा साखर कारखान्याचा माणूस, यायचा तो टेप आणि डायरी घेऊन. आता मोबाइल घेऊन तुकड्याच्या कडेने चालतो. ॲप एका खासगी कंपनीचं, कारखान्याने करार करून घेतलेलं. चार कोपरे झाले की ते रेषा जोडून क्षेत्र दाखवतं. नाव, सर्व्हे नंबर, हिस्सा, मोबाइल नंबर, बँक पासबुकाचा फोटो आणि कर्नाटक सरकारच्या फ्रूट्स पोर्टलवरचा एफआयडी, म्हणजे शेतकऱ्याचा ओळख क्रमांक, हे सगळं त्यात भरलं जातं. शेवटी शेतकऱ्याच्या मोबाइलवर सहा आकडे येतात.

"काका, ओटीपी आलाय बघा, सांगा की."

"कशाचा रे?"

"नोंदीचा. सांगा लवकर, रेंज जातीया."

काकांनी सांगितला. संमती झाली ती एवढीच. त्या सहा आकड्यांमागे इंग्रजीत चौदा पानांच्या अटी होत्या. त्यातलं एक वाक्य असं की नोंदलेली माहिती आणि तिच्यावरून काढलेले निष्कर्ष कंपनी आपल्या 'भागीदार संस्थांना' देऊ शकते. ॲपचे पडदे कन्नड आणि इंग्रजीत. काका बोलण्यापुरतं कन्नड जाणतात, वाचायला येत नाही. चिटबॉयनेही त्या अटी कधी उघडल्या नसाव्यात; त्याला दिवसाला अमुक इतक्या नोंदी पुऱ्या करायच्या असतात.

कारखान्याची बाजू मांडायलाच हवी, कारण या विषयावर बोलताना ती सहसा मांडली जात नाही. क्षेत्र नीट मोजलेलं असलं, लावणीची तारीख खरी असली आणि पक्वतेचा अंदाज हातात असला, तर तोडीची पाळी वशिल्याने ठरवणं अवघड होतं. चिटबॉयच्या डायरीत कुणाची लावण पंधरा दिवस आधीची कशी व्हायची, ते या भागात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तेव्हा मोजणी नको, ॲप नको, असं काकांचंही म्हणणं नाही. नोंद उसाची दिली होती. ती कर्जाच्या टेबलावर कशी गेली, एवढंच त्यांना विचारायचं आहे.

वरून काय दिसतं

पट्टीत पाणी होतं हे ॲप कंपनीने उपग्रहावरून पाहिलं. युरोपीय अंतराळ संस्थेच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची छायाचित्रं कुणालाही फुकट मिळतात. दोन उपग्रह मिळून साधारण पाच दिवसांनी त्याच जागेवर परत येतात. त्यांच्या चित्रातला सर्वांत बारीक चौकोन १० मीटर बाय १० मीटर, म्हणजे १०० चौरस मीटर. आपला गुंठा १०१ चौरस मीटरचा. उपग्रहाला आपलं शिवार जवळजवळ गुंठ्यागुंठ्याने दिसतं असं म्हणायला हरकत नाही.

काकांची पट्टी ३० मीटर रुंद आहे, म्हणजे आडवे तीन चौकोन. पण उपग्रहाची चौकट काही बांधाला धरून आखलेली नसते. कडेच्या चौकोनांत शेजाऱ्याचं सोयाबीन, बांधावरची झाडं, नदीची दरड, सगळं मिसळतं. निखळ काकांच्या उसाचे असे चौकोन रुंदीत फार तर दोन. पट्टी चौकटीला तिरकी असेल तर त्याहून कमी. शिवाय पावसाळ्यात ढग. पूर असताना तर हमखास. म्हणून अशा कंपन्या ढगांतून पाहू शकणाऱ्या रडार उपग्रहाची चित्रंही जोडतात आणि उरलेली जागा गणिताने भरतात. त्यातून निघालेला आकडा मोठ्या सलग शेताला बरा लागू पडतो, वाटणीच्या पट्टीला कमी. कर्जाच्या फाइलीत मात्र दोन्ही आकडे सारख्याच ठामपणे छापून येतात.

कायद्याच्या दृष्टीने इथे एक गोष्ट नीट वेगळी करावी लागते. आकाशातून शेताचं चित्र घ्यायला काकांची संमती लागत नाही. सर्व्हे नंबरावरून कर्नाटकाच्या भूमी प्रणालीतला उतारा पाहायलाही लागत नाही. तो उघडाच आहे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा कायद्याच्या बंधनाने जाहीर केलेल्या माहितीला लागूच होत नाही. मग उरतं काय? चिटबॉयने चालून आखलेली सीमा, मोबाइल नंबर, एफआयडी, बँक खातं, टनांचा अंदाज, आणि या सगळ्याचा त्या चित्राशी घातलेला सांधा. चित्र सगळ्यांचं आहे, उतारा सगळ्यांना दिसतो, पण "हा बुडालेला चौकोन म्हणजे अमुक नंबरचा मोबाइल धरणारा माणूस" हे वाक्य कंपनीने तयार केलं. ओळखता येणाऱ्या व्यक्तीसंबंधीची कोणतीही माहिती ही कायद्याची वैयक्तिक डेटाची व्याख्या आहे. त्या व्याख्येत ते वाक्य बसतं, आणि त्यावरून काढलेला स्कोअरही बसतो, असं माझं मत.

"शेताचा डेटा शेतकऱ्याच्या मालकीचा" अशी घोषणा सभांमधून ऐकू येते. ऐकायला चांगली आहे, कोर्टात तिचा उपयोग नाही. भारतीय कायद्यात अशा डेटावर मालकी हक्क देणारी तरतूद नाही. करारात कंपनीने मालकी स्वतःकडे लिहून घेतली असली तर वाद तिथेच थांबतो, आणि तशी ती लिहून घेतलेली असतेच. काकांना मालकी मिळून तरी काय करायचं होतं? त्यांना हवी होती आपल्या नोंदीची प्रत, चुकलेली नोंद वेळेत दुरुस्त करण्याची सोय, आणि ती कुणाकुणाला दिली याची यादी. या तीन गोष्टी मिळाल्या असत्या तर मालकीचा प्रश्न त्यांनी काढलाही नसता.

संमती आणि भाषा

२०२३ च्या कायद्यात संमतीची कसोटी कडक आहे. ती मोकळेपणाने दिलेली, ठरावीक कामापुरती, माहिती घेऊन, विनाअट आणि स्पष्ट कृतीने दिलेली हवी. ऊस नोंदीसाठी घेतलेल्या ओटीपीवर कर्जाचा स्कोअर काढणं 'ठरावीक कामापुरती' या कसोटीवर टिकत नाही. नोंद हवी असेल तर बाकीचंही मान्य करा, ही अट 'विनाअट' या शब्दावर अडकते.

सीमाभागासाठी याहून मोलाची तरतूद भाषेची आहे. संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय द्यावी लागते. अनुसूचीत २२ भाषा आहेत, मराठी त्यांत आहे. राज्याची राजभाषा कोणती हे या कलमात विचारलेलंच नाही. म्हणजे निपाणीत, खानापुरात, बेळगावात खासगी ॲपकडे मराठी सूचना मागणं ही कुणाची मेहेरबानी ठरत नाही आणि त्याला सीमाप्रश्नाचा रंगही द्यावा लागत नाही. सीमेचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. ओटीपीची मुदत दहा मिनिटं असते.

सरकारी दारात नेमकं उलटं. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ६ प्रमाणे अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या भागाच्या राजभाषेत करायचा असतो. सरकारी पीक नोंद मागणारा काकांचा मराठीतला पहिला अर्ज परत आला, तेव्हा गावात बरीच चिडचिड झाली. पण कलम वाचलं तर तो परत करणाऱ्याला दोष देता येत नाही. दुसरा अर्ज पुतण्याने हिंदीत लिहून दिला, दहा रुपये भरले, तो मुकाट्याने स्वीकारला गेला. लिहिता न येणाऱ्याचं तोंडी म्हणणं लिहून घ्यायला माहिती अधिकाऱ्याने मदत करावी, असंही त्याच कलमात आहे. सीमाभागात हिंदीची ही वाट फार कमी जण वापरतात.

पण हा कायदा आज किती चालतो

इथे काकांचं प्रकरण अडतं. कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि त्यांत टप्पे ठेवले गेले. डेटा संरक्षण मंडळाची तरतूद लगेच, संमती व्यवस्थापकांची वर्षाने, आणि सूचना, संमती, दुरुस्ती, तक्रार ही खरी कामाची कलमं १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये. त्याआधीच्या घटनेसाठी मराठी सूचनेचा आग्रह धरता येतो, दावा लावता येत नाही.

तोवर आधार कशाचा? माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३-अ आणि त्याखालचे २०११ चे नियम. त्यांत 'संवेदनशील' माहितीची यादी आहे : पासवर्ड, बँक खातं, आरोग्य, बोटांचे ठसे वगैरे. शेताची सीमा नाही, पीक नाही, टनेज नाही. काकांच्या पासबुकाचा फोटो बाहेर फुटला असता तर हे कलम कामाला आलं असतं. त्यांच्या बाबतीत काही फुटलंच नव्हतं. माहिती नीट सांभाळून, नीट बांधून, करार करून पुढे दिली गेली होती.

आणि २०२७ नंतर तरी? नव्या कायद्यात मोठे दंड आहेत. सुरक्षेत कसूर झाली तर २५० कोटींपर्यंत. पण दंडाची रक्कम सरकारी तिजोरीत जाते. ज्याचं नुकसान झालं त्याला भरपाई देण्याची सोय त्यात नाही. भरपाई देणारं कलम ४३-अ नव्या कायद्यानेच वगळायचं ठरवलं आहे. शिवाय मंडळाकडे जाण्याआधी कंपनीच्याच तक्रार खिडकीवर जावं लागतं आणि तिला उत्तर द्यायला ९० दिवसांपर्यंत मुदत मिळते. पुरानंतर ९० दिवस म्हणजे पंचनामे संपलेले, भरपाईच्या याद्या बंद झालेल्या, कारखान्याचं धुराडं पेटलेलं. शेतीतला डेटा हंगामाबरोबर शिळा होतो, हे नियम करणाऱ्यांच्या ध्यानात आलेलं दिसत नाही.

बिलातली एक ओळ

काकांच्या पुतण्याने गेल्या हंगामाचं ऊस बिल काढलं. कपातींच्या रांगेत तोडणी-वाहतूक, सोसायटीचं कर्ज, भाग भांडवल, आणि त्याखाली 'तंत्रज्ञान सेवा' म्हणून एकरी १५० रुपये. ही ओळ कुणाच्या नजरेत भरली नव्हती. कपाती वाचायची आपल्याकडे सवयच नाही. शेवटचा आकडा बघायचा आणि घडी घालून खिशात.

या ओळीने प्रकरणाचं तोंड फिरलं. ऊस घालताना शेतकरी विक्रेता असतो, कारखाना खरेदीदार. त्या नात्याने तो ग्राहक होत नाही. पण पैसे कापून सेवा दिली म्हटल्यावर त्या सेवेपुरता तो ग्राहक होतो. पोटापाण्यासाठी स्वतः शेती करणारा माणूस 'व्यापारी' म्हणून बाहेर ठेवता येत नाही. बियाण्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये शेतकऱ्याला ग्राहक मानलं आहे. आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, ग्राहकाने विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती कायद्याचा आधार नसताना दुसऱ्याला सांगणं ही अनुचित व्यापारी प्रथा म्हणून नोंदली आहे. ५ लाखांच्या आतल्या प्रकरणाला जिल्हा आयोगात शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची, आणि इथे भरपाई मागता येते. ॲप फुकट असतं तर हा रस्ता खुला झाला नसता.

नुकसानीचा आकडाही मांडता येतो. ३ लाख रुपये, ३६ हप्ते : १४ टक्क्यांनी हप्ता साधारण १०,२५० बसतो, १८ टक्क्यांनी १०,८५०. तीन वर्षांत २१ हजारांवर फरक.

दुसरा रस्ता रिझर्व्ह बँकेचा. डिजिटल कर्जांसाठी २०२२ पासून घातलेल्या आणि २०२५ मध्ये एकत्र केलेल्या नियमांत, कर्जदाराची माहिती गरजेपुरतीच आणि आधी घेतलेल्या स्पष्ट संमतीनेच घ्यावी, त्या संमतीचा माग राहावा, असं आहे. कर्ज ठरवायला किंवा दर ठरवायला मदत करणारी बाहेरची कंपनी ही कर्ज देणाऱ्याची सेवा पुरवठादार धरली जाते आणि तिच्या वागण्याची जबाबदारी कर्ज देणाऱ्यावर येते. म्हणजे फायनान्स कंपनीला "स्कोअर आमचा नाही, त्यांचा आहे" असं म्हणून हात झटकता येत नाहीत. लेखी तक्रारीला ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. माझ्या मते काकांसाठी सगळ्यांत जवळचा दरवाजा हाच होता, कारण तिथे संमतीचा पुरावा समोरच्याने दाखवायचा असतो.

कारखान्याचं स्थान थोडं गुंतागुंतीचं. तो सहकारी असल्याने माहिती अधिकारात सरसकट येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सहकारी संस्थांबद्दल तसं स्पष्ट केलं, सरकारचा मोठा निधी किंवा खरा ताबा असल्याशिवाय नाही. पण सभासद दोन्ही राज्यांतले असल्याने तो बहुराज्य सहकारी संस्था कायद्याखाली नोंदलेला आहे, आणि त्या कायद्यात २०२३ च्या दुरुस्तीने सहकार लोकपाल आणि संस्थेत माहिती अधिकारी आले. काका सभासद आहेत. ॲप कंपनीशी झालेल्या कराराची प्रत त्यांनी सभासद म्हणून मागितली. हे फारसं कुणी करत नाही. वार्षिक सभेत दराचा प्रश्न निघतो, साखर उताऱ्याचा निघतो, वजनकाट्याचा निघतो, कराराचा निघत नाही.

सरकारी नोंद : सोयाबीन

माहिती अधिकारातून पीक सर्वेक्षणाची नोंद मिळाली. कर्नाटकात ती शेतकरी स्वतः ॲपवर भरू शकतो, नाहीतर गावातला नेमलेला तरुण येऊन भरतो. काकांनी भरली नव्हती, ॲप कन्नडमध्ये होतं. तरुणाने फोटो काढला तो पट्टीच्या बांधावर उभा राहून, पण शेजारच्या हिस्स्याकडे तोंड करून. फोटोत सोयाबीन अगदी स्वच्छ दिसतं. त्याच्या मागे कोपऱ्यात उसाचा हिरवा पडदा आहे, तो काकांचा.

या एका फोटोवरून पुढचं सगळं वाहत गेलं. पीक नुकसानीचं परिहारा पोर्टल नोंदी एफआयडीवरून उचलतं; तिथे ऊस नाही म्हटल्यावर बुडालेल्या उसाची भरपाई कुठून निघणार? केंद्राच्या निकषाप्रमाणे ३३ टक्क्यांवर नुकसान झालं तर बागायतीला हेक्टरी १७,००० रुपये. पट्टीच्या ५० गुंठ्यांचे साधारण ८,६०० झाले असते. रक्कम मोठी नाही. बांधापलीकडे ३५ गुंठ्यांवर ई-पीक पाहणी, म्हणजे महाराष्ट्राची पीक नोंद, काकांनी स्वतः केली होती, मराठी ॲपवर, उसात उभं राहून फोटो काढून. तिथे नोंद बरोबर लागली. पाणी तेच, बांध एकच. फरक पडला तो नोंद कुणी केली आणि ती कोणाला वाचता आली, याने.

सर्वेक्षणातली नोंद बेळे दर्शक ॲपवर पाहून हरकत घेण्याची सोय कर्नाटकात आहे. तीही मुदतीत. काकांना ती मुदत होऊन गेल्यावर कळली.

आता कायद्यातली एक खोच. नव्या डेटा कायद्यात अनुदान, लाभ, दाखला देण्यासाठी सरकारला संमतीची गरज नाही. ते एका अर्थी ठीक; भरपाई देताना कोण संमतीअर्ज भरत बसणार? पण आपली माहिती पाहण्याचा आणि ती दुरुस्त करून घेण्याचा हक्क कायद्याने संमती देणाऱ्यालाच दिला आहे. संमतीच घेतली नाही तिथे, त्या कलमांच्या शब्दांप्रमाणे, दुरुस्तीचा हक्कही पोचत नाही. ज्या नोंदीवर भरपाई अवलंबून आहे तिथेच हक्क तोकडा. उरतं ते कलम ८ मधलं बंधन : ज्या माहितीवरून माणसाबद्दल निर्णय होणार आहे ती पुरी, अचूक आणि सुसंगत असावी याची काळजी माहिती बाळगणाऱ्याने घ्यायची. वकिलाने भर द्यायचा तो इथे. हक्क मागण्यापेक्षा समोरच्याचं कर्तव्य दाखवणं या बाबतीत जास्त फळतं.

ही खोच पुढे अधिक टोचणार आहे. केंद्राने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेल्या २,८१७ कोटींच्या डिजिटल कृषी मिशनमध्ये शेतकरी नोंदवही, गावनकाशे आणि पेरलेल्या पिकाची नोंदवही अशा तीन वह्या एकमेकींना जोडायच्या आहेत. ११ कोटी शेतकऱ्यांना ओळख क्रमांक द्यायचं उद्दिष्ट आहे. महाराष्ट्रात १५ एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांना तो सक्तीचा झाला. काकांकडे बांधाच्या दोन्ही बाजूंचे दोन क्रमांक आहेत. वह्या जोडल्या गेल्या की चुकलेलं 'सोयाबीन' एका पोर्टलवर न थांबता विमा, कर्ज, हमीभाव खरेदी अशा सगळ्या खिडक्यांवर पोचेल. नोंद जितकी सहज फिरते तितकीच दुरुस्तीही फिरली पाहिजे. त्यासाठी आज कुठे स्वतंत्र व्यवस्था दिसत नाही.

काय झालं

तहसील पातळीवर नोंद दुरुस्त झाली, पण पुढच्या हंगामापुरती. गेल्या यादीत नाव घालता येणार नाही, पोर्टल बंद झालं, असं उत्तर आलं. त्यावर अपील आहे. अपिलात काकांनी जोडलेला सर्वांत भक्कम पुरावा कोणता, तर कारखान्याची ऊस नोंद पावती आणि बांधापलीकडचा महाराष्ट्राचा पंचनामा. पट्टीच्या पुराचा दिवसागणिक अहवाल ॲप कंपनीकडे होता, तो तिने दिला नाही. "तो आमच्या प्रणालीचा निष्कर्ष आहे, ग्राहकाची माहिती नाही," असं लेखी कळवलं. तोच निष्कर्ष फायनान्स कंपनीला देताना त्याच्यावर काकांचं नाव होतं.

फायनान्स कंपनीने पहिल्या तक्रारीला "अंतर्गत पत धोरण" एवढंच उत्तर दिलं. दुसऱ्या पत्रात संमतीचा माग मागितल्यावर आणि लोकपालाचा उल्लेख आल्यावर दर १४ वर आला. स्कोअर चुकीचा होता हे मान्य केलं नाही, दर फक्त 'पुनर्विचाराने' कमी केला. इथे मी काकांना थांबू नका म्हटलं असतं. दर उतरला तरी स्कोअर तिथेच आहे, आणि पुढच्या वर्षी ठिबकासाठी दुसऱ्या कुणाकडे गेले तर तोच आकडा समोर येईल. काकांचं म्हणणं वेगळं. ट्रॅक्टर दारात आला, आता कोर्टाच्या पायऱ्या कोण झिजवणार? ग्राहक आयोगाची दोन वर्षांची मुदत अजून शिल्लक आहे. पुतण्या कागदं जमवून आहे.

कारखान्यात मात्र हालचाल झाली. कराराची प्रत पाहून दहा-बारा सभासदांनी सही करून पत्र दिलं. येत्या नोंदीसाठी छापील फॉर्म मराठी आणि कन्नड दोन्हींत निघणार आहे, चिटबॉय ओटीपी घेण्याआधी तो वाचून दाखवणार. कर्ज, विमा, खत विक्री यांना माहिती द्यायची की नाही, यासाठी वेगळा रकाना आणि वेगळी सही. नाही म्हटलं तरी ऊस नोंद अडणार नाही. ज्या संस्थांना माहिती दिली त्यांची यादी गट ऑफिसात लावायची. सभासदांनी आणखी एक कलम मागितलं होतं : शिवारात पाणी शिरलं तर सात दिवसांत त्या तुकड्याचा अहवाल शेतकऱ्याला फुकट मिळावा, तलाठ्यापुढे ठेवण्यासाठी. ते कंपनीने नाकारलं आणि त्याला एकरी २०० रुपयांचा वेगळा दर सांगितला. तो कुणी भरायचा, शेतकऱ्याने की कारखान्याने, हा विषय वार्षिक सभेच्या पत्रिकेवर आठव्या क्रमांकाला आहे.